पाटो ते रायबंदर: जुन्या रस्त्याची पाहणी कशी करायची आणि हात कधी लावायचा

जुन्या चिरेबंदी रस्त्यावर किंवा पुलावर हौशी मंडळी श्रमदानाला उतरली की पहिल्या तासाभरात तीन गोष्टी हमखास होतात. फटीत उगवलेले पिंपळाचे रोप हिसडा देऊन उपटले जाते. निखळलेल्या चिऱ्याभोवती सिमेंट थापले जाते. आणि कठड्याला रंग लागतो, बहुतेक वेळा ऑइलपेंट, कारण कुणाच्या तरी घरी तो उरलेला असतो. तिन्हींचे फोटो झकास येतात, आणि तिन्हींनी बांधकाम खिळखिळे होते.

चूक हेतूत नसते, क्रमात असते. आधी पाहणी, मग नोंद, मग अर्ज, आणि हात सगळ्यात शेवटी, तोही परवानगी हातात असेल तर. हा क्रम कसा पाळायचा ते इथे पणजीच्या पाटोपासून रायबंदरपर्यंत जाणाऱ्या जुन्या बांधावरच्या रस्त्याच्या आधाराने सांगितले आहे. पोर्तुगीज कागदांतला ‘पोंत दि लिन्हारिस’ तो हाच. १६३० च्या दशकातला, सुमारे ३.२ किलोमीटर लांब, चिऱ्यांचा. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन), मिठागरे आणि खारफुटी, आणि भरती-ओहोटीच्या पाण्याला जायला-यायला खाली कमानी. इतिहास एवढा पुरे.

चार ते दहा जणांच्या गटाला हे सहज जमते. दहाच्या वर माणसे असतील तर दोन गट करून दोन वेगळ्या दिवशी जा. या रस्त्यावर घोळका उभा करायला जागा नाही.

## टप्पा १: रस्त्याचा एकच तुकडा निवडा

पणजीपासून जुन्या गोव्यापर्यंतचा रस्ता नऊ-दहा किलोमीटरचा भरतो. तो एका दिवसात चालता येतो, पण एका दिवसात पाहता येत नाही. त्याचे सरळ तीन तुकडे पडतात: पाटो ते रायबंदर हा कमानींचा बांध, रायबंदर गावातला घरे, चर्च आणि फेरीबोटीचा धक्का असलेला भाग, आणि पुढे नदीकाठाने जुन्या गोव्यापर्यंत.

पहिल्या खेपेला फक्त बांध घ्या. गावातल्या भागाचे प्रश्न निराळे आहेत. तिथे खासगी घरांच्या भिंती रस्त्याला लागून आहेत, आणि कुणाच्या बाल्कांवाचा (दारापुढच्या बैठकीच्या ओसरीचा) फोटो काढायचा तर आधी घरमालकाला हाक मारावी लागते.

## टप्पा २: कोणती गोष्ट कुणाच्या ताब्यात, हे आधी लिहून काढा

हा टप्पा सगळे गाळतात. मग अर्ज या खात्यातून त्या खात्यात फिरतो आणि वर्ष निघून जाते. एका कागदावर दोन रकाने करा. डावीकडे वस्तू, उजवीकडे खाते.

रस्त्याचा पृष्ठभाग, कठडा आणि कमानींचे बांधकाम यासाठी पहिले दार सार्वजनिक बांधकाम खात्याचे. कचरा, गटारे आणि दिवाबत्तीबद्दल आधी पणजी महानगरपालिकेकडे विचारा. रायबंदरही तिच्याच हद्दीत येते. खारफुटी वन खात्याकडे. राज्य-संरक्षित वास्तूंचा प्रश्न राज्याच्या पुरातत्त्व खात्याचा, आणि त्यामागे १९७८ चा गोवा, दमण व दीवचा प्राचीन स्मारक कायदा आहे. जुन्या गोव्यातली जागतिक वारसा यादीतली चर्चेस भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते, म्हणून तिसऱ्या तुकड्यावर काम करताना हे अंतर नकाशावर आधीच आखून ठेवा.

एकाच जागी दोन-तीन खाती लागू होतात, ते गृहीत धरा. कमानीच्या तोंडाशी खारफुटीचे रोप वाढले असेल तर कमान एकाची, रोप दुसऱ्याचे आणि त्यात अडकलेले प्लॅस्टिक तिसऱ्याचे.

तपासा: कागदावरच्या प्रत्येक वस्तूसमोर खात्याचे नाव आणि कार्यालयाचा पत्ता आला का? आला नसेल तर पाहणीची तारीख ठरवू नका.

## टप्पा ३: सुकतीची वेळ काढा

सुकती म्हणजे पाणी पूर्ण उतरलेली वेळ. पाहणी फसते ती इथे. मंडळी रविवारी सकाळी सोयीने निघतात आणि पोचतात तेव्हा कमानी अर्ध्या पाण्यात असतात. वरून डांबर आणि कठडा पाहून परत येतात, आणि बांधाचे दुखणे असते खाली.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब अजून उपयोगी आहे. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीचा तास येतो. तृतीयेला तीन पाऊण सव्वादोन, म्हणजे भरती सव्वादोनला. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी, सकाळी आठच्या सुमारास. चतुर्थीला भरती तीनला, ओहोटी पावणेनऊला. रोज हे चक्र पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांना हिशेब एकच.

मग कोणती तिथी धरायची? अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, पाणी खूप चढते आणि खूप उतरते, पण त्या दिवशीची ओहोटी पहाटे सव्वापाचला आणि संध्याकाळी साडेपाचला येते. उजेडाची पंचाईत. अष्टमीला ओहोटी ऐन दुपारी येते, पण तेव्हा भांग, म्हणजे उधाणाच्या उलट मंद भरती-ओहोटी, असतो आणि पाणी धड उतरतच नाही. तृतीया-चतुर्थीला उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी सकाळी आठ-नऊला येते. संकष्टीचा उपास असणाऱ्यांनी डब्याचे तेवढे पाहावे.

हा हिशेब दिवस निवडण्यापुरता. त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून अंतिम वेळ मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या. तक्त्यात वेळेबरोबर उंचीही दिलेली असते, ती वाचायला विसरू नका. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. ओहोटीची उंची अर्ध्या मीटरच्या आसपास किंवा त्याखाली असेल तर उत्तम. एक मीटरच्या वर असेल तर दिवस बदला.

आणि पोचायचे ओहोटीच्या वेळेला नव्हे, तिच्या दोन तास आधी. का, ते पाचव्या टप्प्यात येईल.

ऋतू: वर्षातून दोनदा पाहणी करा. एकदा मे महिन्यात, जेव्हा दगड कोरडा असतो आणि क्षार पांढरे होऊन वर आलेले दिसतात. दुसरी ऑक्टोबरात, जेव्हा पावसाने सांध्यांतला चुना कुठे धुतला आणि कुठे नवी रोपे धरली ते कळते. जून ते सप्टेंबर नको. मांडवीला वरून पावसाचे पाणी येत असते आणि तक्त्यातली उंची फसवते.

हे दिवस टाळा: २४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताची नोवेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू होते आणि ३ डिसेंबरला फेस्त असते. भाविक याच रस्त्याने पायी जातात. रस्ता त्यांचा असतो, तुमच्या वह्या-पट्ट्यांना तिथे काम नाही.

## टप्पा ४: सामान आणि माणसांची वाटणी

सामान थोडकेच लागते, पण प्रत्येक वस्तू ठरलेल्या कामासाठी न्यायची.

- चौकटींची वही आणि पेन्सिल. बॉलपेन घामाने आणि दमट हवेने पसरते.
- १५ सेंटीमीटरची प्लॅस्टिकची पट्टी, फोटोत मापासाठी.
- मोबाइल, त्यात लोकेशन सुरू केलेले. सेल्फी स्टिक, आणि तिला मनगटात अडकवायची दोरी. कठड्यावरून पाण्यात गेलेला मोबाइल भरतीबरोबर परत येत नाही.
- टॉर्च, दिवसासुद्धा. कमानीच्या पोटात उजेड नसतो, आणि टॉर्च बाजूने तिरपा मारला की भेग उठून दिसते, समोरून मारला की गायब होते.
- टोपी, पाणी, चमकत्या पट्ट्यांचे जाकीट किंवा निदान पांढरा-पिवळा शर्ट.

खुरपे, कोयता, घमेले, सिमेंटची पिशवी, रंगाचा डबा: घरी. ‘असू दे, लागलेच तर’ म्हणून गाडीत टाकलेला कोयता बाहेर निघतोच. ड्रोनही घरीच ठेवा. दाबोळीला नौदलाचा तळ आहे, हवाई क्षेत्राचे नियम कडक आहेत आणि खारफुटीत पक्ष्यांची वस्ती आहे.

माणसांची वाटणी अशी: एक जण लिहिणार, एक फोटो काढणार, एक पट्टी धरणार, आणि एक फक्त वाहनांवर नजर ठेवणार. हा चौथा माणूस फोटो पाहायला वाकला की त्याला परत उभे करा. उरलेले डोळे म्हणून चालतील.

## टप्पा ५: चालण्याची दिशा

पणजीच्या बसस्थानकावरून रायबंदरमार्गे जुन्या गोव्याला जाणारी बस पकडा आणि रायबंदरच्या टोकाला, बांध जिथे गावाला लागतो तिथे उतरा. गाडी नेली तर ती गावात नीट जागा बघून लावा, बांधावर कडेला नको. चालायला सुरुवात रायबंदरहून पाटोकडे.

कारणे तीन आहेत. सकाळचे ऊन पाठीवर येते. आपल्याकडे वाहने डावीकडून जातात, त्यामुळे पादचाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे चालायचे. पश्चिमेकडे चालताना उजवी कड म्हणजे नदीची बाजू. आणि तिसरे, सगळ्यात महत्त्वाचे: पाणी उतरत असताना ते खाजनातून कमानींमधून नदीत येते, म्हणजे कमान चालू आहे की तुंबली आहे ते नदीच्या बाजूनेच कळते.

म्हणून दोन फेऱ्या. जाताना ओहोटीच्या आधीचा दीड-दोन तास, नदीच्या कडेने, आणि फक्त पाणी पाहायचे. परत येताना ऐन सुकतीला, खाजनाच्या कडेने, आणि दगड पाहायचा. परतीला ऊन डोळ्यांवर येते, टोपी त्यासाठी.

सावधान: एका ओळीत चाला. बस आली की सगळ्यांनी थांबून कठड्याला पाठ लावायची, चालत राहायचे नाही. कठड्यावर बसू नका, चढू नका. आणि कुणीही खाली चिखलात उतरू नये. वरून घट्ट दिसणारा चिखल गुडघ्यापर्यंत घेतो, आणि दगडांना चिकटलेल्या कालवांच्या कडा पायाला पात्यासारख्या लागतात.

## टप्पा ६: पहिली फेरी, पाणी

प्रत्येक कमानीला चालण्याच्या क्रमाने अंक द्या. रायबंदरकडची पहिली ‘क १’. वहीच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर ‘मोजणी रायबंदरहून’ असे लिहा. हे न लिहिल्यामुळे पुढच्या हंगामात दुसरा गट पाटोहून मोजतो आणि दोन्ही वह्या रद्दी होतात. अंकाबरोबर जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक किंवा दुसरी न हलणारी खूण आणि मोबाइलमधले अक्षांश-रेखांशही टिपा. कमानीवर खडूने, रंगाने किंवा स्टिकरने अंक घालायचा नाही.

आता कमानीशी दोन मिनिटे उभे राहा. चालू कमानीतून उतरते पाणी जिभेसारखे बाहेर येते; त्याच्या दोन्ही कडांना फेसाची रेघ असते आणि मध्ये गाळाचा रंग थोडा गडद. अर्धवट तुंबलेल्या कमानीत ही रेघ एका बाजूला सरकलेली दिसते. पूर्ण तुंबलेल्या कमानीपुढे पाणी नुसते उभे असते, वर पाने, थर्मोकोलचे तुकडे आणि बाटल्या एकाच जागी डोलत असतात. शेजारच्या कमानीत पाणी धावत असताना हिच्यात ते थिजलेले असेल तर वहीत ठळक लिहा.

हे का बघायचे? एक कमान बंद झाली की तिच्या वाटणीचे पाणी शेजारच्या कमानींतून जाते. तिथे वेग वाढतो, पायाजवळची माती खरवडली जाते, आणि काही वर्षांनी चिरा सुटतो तो बंद कमानीचा नव्हे, शेजारच्या चालू कमानीचा. मागे खाजनात पाणी साचून राहते ते वेगळेच. बांधाच्या आरोग्याची तपासणी कठड्यापासून करणारे सगळे इथे चुकतात. कठडा मोडला तर दिसतो आणि दुरुस्तही होतो. पाण्याची वाट बंद झालेली कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

नोंद तीनच शब्दांत करा: ‘चालू’, ‘अर्धी’, ‘बंद’. बाजूला घड्याळातली वेळ. वेळ नसेल तर नोंदीला अर्थ नाही, कारण ऐन सुकतीला सगळ्याच कमानी बंद दिसतात.

तपासा: पाटोला पोचलात तेव्हा ओहोटीला किती वेळ आहे? अर्ध्या तासाहून जास्त असेल तर तिथे बसून चहा घ्या. खाजनाच्या बाजूचे पाणी कमानींतूनच बाहेर पडायचे असल्याने ते तक्त्यातल्या वेळेनंतरही थोडा वेळ उतरत राहते. घाई केलीत तर खालचा हात-दीड हात दगड पाण्याखालीच राहील.

## टप्पा ७: दुसरी फेरी, दगड

प्रत्येक कमानीचे चार फोटो, नेहमी याच क्रमाने: लांबून पूर्ण कमान, डावा पाया, उजवा पाया, आणि सेल्फी स्टिक खाली सोडून पोट. दोष दिसला तर पाचवा फोटो, पट्टी शेजारी धरून. पट्टी हाताने धरायची, चिकटवायची नाही. पाया पोचण्याइतका जवळ नसेल तर पट्टीचा हट्ट सोडा आणि चिऱ्याच्या उंचीशी तुलना करून लिहा: ‘भेग दोन चिऱ्यांएवढी लांब’.

काय शोधायचे ते खालून वर असे पाहा.

पाण्याची रेघ. कालवे आणि शेवाळ जिथे संपते तिथपर्यंत रोजची भरती येते. या पट्ट्यात चिरा सतत ओला-कोरडा होतो, आणि झीज सगळ्यात जास्त इथेच. चिऱ्याचा दर्शनी भाग आत गेला असेल आणि सांध्यातला चुना बाहेर राहिला असेल तर दगड खाल्ला जातोय. उलट चिरा शाबूत आणि सांधा खोल गेला असेल तर चुना धुतला गेलाय. दोन्हींचा उपाय वेगळा आहे, म्हणून ‘खराब झाले आहे’ असे मोघम लिहू नका.

क्षार. पांढरी भुकटी किंवा पापुद्रे. खाऱ्या पाण्याचा अंश चिऱ्याच्या छिद्रांत शिरतो, वाळला की त्याचे स्फटिक होतात आणि आतून दगड फोडतात. भुकटी झाडू नका, फोटो काढा.

सिमेंट. राखाडी, गुळगुळीत आणि चिऱ्याहून टणक. जुन्या बांधकामात ओल चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडते. सांधे सिमेंटने बंद केले की ती चिऱ्यातूनच बाहेर निघायला लागते आणि बरोबर क्षार आणते. म्हणून सिमेंटचा सांधा वर्षानुवर्षे ताठ उभा आणि दोन्ही बाजूंचा चिरा भुसभुशीत, असे चित्र दिसते. जिथे जिथे सिमेंट दिसेल तिथे कमान, बाजू आणि अंदाजे लांबी लिहा. अर्जात ही यादी सगळ्यात उपयोगी पडते.

रोपे. पिंपळ, वड, उंबर. जाडी लिहा: काडीएवढे, बोटाएवढे, मनगटाएवढे. बोटाएवढ्या रोपाची मुळे आत हातभर गेलेली असतात. ओढले तर चिरा घेऊन येते, वरून छाटले तर दुप्पट जोमाने फुटते. ते हळूहळू मारून मग काढायचे असते, आणि ते काम माहितगार गवंड्याने, चुना तयार ठेवूनच करायचे. तुमचे काम ते काडीएवढे असताना कळवण्याचे.

वरचा भाग. खिळे, फलकांच्या तारा, ऑइलपेंट, केबलसाठी पाडलेली भोके. रंग लावायचाच तर चुन्याची सफेदी चालते, कारण ती दगडाला श्वास घेऊ देते. ऑइलपेंट आणि प्लॅस्टिक पेंट ओल आत कोंडतात.

सावधान: दगडावर हातोडी मारून ‘आवाज’ पाहू नका. सांध्यात चावी खुपसून खोली मोजू नका. सैल वाटलेला चिरा हलवून बघायचा मोह सगळ्यांना होतो. हलला तर काय करणार आहात, हे आधी ठरवा.

## टप्पा ८: त्याच संध्याकाळी नोंद पक्की करा

दुसऱ्या दिवशी सगळ्या कमानी सारख्या वाटतात. त्याच दिवशी सगळ्यांनी एकत्र बसून फोटोंना नावे द्या. नावात क्रम असा: कमान, बाजू, विषय, तारीख. नदीच्या बाजूला ‘न’, खाजनाच्या बाजूला ‘ख’. मूळ फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवू नका. तिथे फोटो दाबला जातो आणि त्यातले लोकेशन निघून जाते. केबलने किंवा ड्राइव्हवरून घ्या.

एक चांगली नोंद अशी दिसते: ‘क ७, ख, डावा पाया. पाण्याच्या रेघेच्या वर दुसऱ्या थरात एक चिरा अंदाजे चार बोटे आत गेलेला. वरचा सांधा सिमेंटचा. पिंपळ एक, काडीएवढा. सकाळी ८.५०.’ वाईट नोंद अशी: ‘सातव्या कमानीची दुरवस्था, प्रशासन झोपेत.’

शेवटी तीन याद्या काढा. लगेच धोका असलेले, या पावसाळ्याआधी करायचे, आणि नजर ठेवायचे. पहिल्या यादीत जास्तीत जास्त पाच गोष्टी. सगळेच तातडीचे म्हटले की वाचणाऱ्याला काहीच तातडीचे वाटत नाही.

## टप्पा ९: अर्ज आणि पाठपुरावा

एका खात्याला एकच अर्ज, आणि त्यात त्याच खात्याच्या वस्तू. एकाच पत्रावर सहा कार्यालयांची नावे टाकून सगळ्यांना प्रती दिल्या की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो. अर्ज एका पानाचा, सोबत फोटोंचे परिशिष्ट. मागणी क्रियापदात हवी: ‘क ७ ची चुन्याच्या सांध्यांतल्या जाणकाराकडून पाहणी करून घ्यावी’, ‘क ४ चे तोंड मोकळे करावे’. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असे लिहिलेत तर कार्यवाही म्हणून तुमचा अर्ज फाइलला लागतो.

एक वाक्य मात्र प्रत्येक अर्जात घाला: दुरुस्ती सिमेंटने नव्हे, चुन्याच्या मिश्रणाने आणि वारसा बांधकामाच्या जाणकाराच्या देखरेखीखाली व्हावी. हे वाक्य नसेल तर तुमच्याच अर्जामुळे सिमेंटची गाडी येऊ शकते.

अर्ज स्वतः जाऊन आवक विभागात द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का व क्रमांक घ्या. महिनाभराने त्या क्रमांकाचा हवाला देऊन विचारणा करा. तरी हालचाल नसेल तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज. उत्तराची मुदत ३० दिवस. चुकीच्या खात्यात गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य खात्याकडे पाठवायचा असतो.

माहिती अधिकारात बहुतेकांची चूक प्रश्नाच्या रूपात असते. ‘दुरुस्ती का केली नाही?’ याला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. कागद मागा: शेवटच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकाची प्रत, वापरलेल्या साहित्याची नोंद, कामाच्या आदेशाची प्रत, आणि तुमच्या अर्जावरच्या फाइल-टिपणांच्या प्रती. अंदाजपत्रकात ‘सिमेंट’ शब्द दिसला की पुढचा अर्ज कशावर करायचा ते आपोआप कळते.

जुन्या गोव्याकडचा तुकडा घेतला असेल तर ग्रामसभेचाही रस्ता आहे. तिथे जाताना तीन फोटो मोठ्या आकारात छापून न्या. मोबाइल हातोहात फिरवून कुणी काही बघत नाही.

## टप्पा १०: आता हात लावायचा असेल तर

लेखी परवानगी आली, तरी हौशी हातांनी करायची कामे मोजकीच आहेत. रस्त्यावरचा आणि कठड्यालगतचा कचरा उचलणे. पावसाआधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, रस्त्यावरचे पाणी बाहेर जायच्या भोकांतली पाने आणि माती हाताने काढणे. पाणी वर साचले की ते सांध्यांतूनच खाली वाट शोधते, आणि पणजीला वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कमानीच्या तोंडाशी तरंगणारे प्लॅस्टिक महानगरपालिकेच्या माणसांबरोबर, होडीतून, जाळीने काढणे.

गाळ उपसणे, दगड बसवणे, सांधे भरणे, रोपे काढणे हे तुमचे काम नाही. खारफुटीची फांदीसुद्धा वन खात्याच्या परवानगीशिवाय तोडायची नाही, मग ती कमानीच्या तोंडात का असेना. आणि उत्साहाच्या भरात बांधाच्या कडेला झाडे लावू नका. वृक्षारोपण चांगले, पण बांधाला मुळे नको असतात.

## पाहणी नसलेल्या दिवशी

वही घरी ठेवून नुसते चालायलाही या. जानेवारी ते मे मिठागरांचा हंगाम असतो. सकाळी लवकर गेलात तर वाफ्यांत उभी माणसे आणि मिठाच्या पांढऱ्या राशी रस्त्यावरून दिसतात. फोटो काढण्याआधी हात वर करून विचारा. थंडीत उतरत्या पाण्याच्या चिखलावर तुतवार पळत असतात, खंड्या तारेवर आणि ब्राह्मणी घार वर. पाटोच्या बाजूला खारफुटीतली पायवाट आहे, लहान मुलांना बांधावरून चालवण्यापेक्षा ती बरी. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने चोडण बेटावर गेलात तर पलीकडे सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, आणि नदीच्या मध्यावरून मागे पाहिले की बांध आडव्या रेघेसारखा दिसतो. वरून चालताना तो असा कधीच दिसत नाही.

पहाटे निघालात तर वाटेत पोदेर (सायकलवरून पाव विकणारा) गाठा. गरम पोई (गव्हाचा गोवन पाव) घेतली की कागद खिशात ठेवा.

जुन्या गोव्याला नुसते पोचायचे असेल आणि घाई असेल तर कदंब पठारावरचा बायपास घ्या. वाचलेल्या प्रत्येक गाडीचा हादरा कमानीला कमी.

आणि ऑक्टोबरच्या पाहणीला निघताना मेमधल्या फोटोंच्या छापील प्रती बरोबर न्या. प्रत्येक फोटो त्याच खांबाजवळ, त्याच कोनातून, तेवढ्याच उंचीवर काढा. काडीएवढे रोप बोटाएवढे झाले असेल तर दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावून जुन्या अर्जाच्या आवक क्रमांकासह त्याच आठवड्यात खात्यात द्या.